स्टेंटनंतर मॉनिटरवर रुंद क्यूआरएस: अमिओडारोन द्यायचं का?

प्रश्न: हार्ट अटॅकवर उजव्या कोरोनरीत (हृदयाला रक्त देणाऱ्या उजव्या धमनीत) प्रायमरी अँजिओप्लास्टी (अटॅक येताच केलेली), एक स्टेंट. तासाभराने मॉनिटरवर रुंद क्यूआरएस (ईसीजीतली खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची खूण), ठोके 84, बीपी 118/76, छातीत दुखत नाही. व्हीटी (खालच्या कप्प्यातून येणारे धोकादायक जलद ठोके) समजून अमिओडारोन (ठोक्यांची लय सुधारायचं औषध) सुरू करावं का?

उत्तर 1: नको. 84 च्या वेगाला बहुधा एआयव्हीआरच (खालच्या कप्प्यातली जराशी वेगवान लय). रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यावर खालच्या कप्प्यातलं एखादं केंद्र सायनसच्या (हृदयाच्या नेहमीच्या ठोके-केंद्राच्या) जरा पुढे धावतं. पट्टीच्या सुरुवातीला आणि शेवटी फ्यूजन ठोके (दोन्ही केंद्रांचे मिसळलेले) शोधा. सहसा आपोआप थांबतं. अमिओडारोनने उलट सायनस मंदावेल, बीपी पडेल. 12 लीडचा ईसीजी मात्र लगेच काढा. एसटी (ईसीजीतला क्यूआरएसनंतरचा भाग) पुन्हा उचललेलं दिसलं तर स्टेंटमध्ये गुठळी झाली का, हे आधी बघा.

उत्तर 2: रक्तातलं पोटॅशियम 4 mEq/L आणि मॅग्नेशियम 2 mg/dL च्या वर ठेवा. उलट्या झाल्या असतील किंवा लघवीचं औषध चालू असेल तर दोन्ही घसरतात. ठोके 120 पलीकडे जाऊन बीपी कोसळलं तर मात्र वाट बघू नका, सिंक्रोनाइज्ड शॉक (ठोक्याशी जुळवून दिलेला विजेचा झटका).

उत्तर 3: उजवी कोरोनरी आहे, एव्ही ब्लॉककडेही (वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा संदेश अडणं) लक्ष हवं, हा संदेश पुढे नेणाऱ्या एव्ही नोडला बहुतेकांत तिथूनच रक्त जातं. ठोके 40 खाली आणि बीपी कमी असेल तर ॲट्रोपिन 1 मिग्रॅ शिरेतून, दर 3-5 मिनिटांनी, एकूण 3 मिग्रॅपर्यंत. भागलं नाही तर तात्पुरता पेसमेकर.