मदत हवी आहे : आईंना कम्युनिटी अॅक्युपंक्चरला न्यायचंय

आम्ही पोर्टलंडला (ओरेगॉन) असतो. सासूबाई, वय ६८, सहा महिन्यांसाठी आल्यात. उजव्या गुडघ्याची झीज, एक्स-रे पुण्यात झालाय. दोन महिने फिजिओचे व्यायाम केले, तरी जिना एकेक पायरी करूनच. व्हिजिटर इन्शुरन्स जुनं दुखणं धरत नाही, म्हणून ऐपतीप्रमाणे पैसे घेणारं हे क्लिनिक. एकाच खोलीत रिक्लायनरची रांग, सगळ्यांना तिथेच सुया. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलंय, फॉर्ममध्येही लिहीन.

सुया बहुतेक कोपर-गुडघ्यांच्या खालीच टोचतात म्हणे, मग नेहमीची साडी चालेल का? आईंना इंग्रजी येत नाही. सगळे डोळे मिटून पडलेले असताना शेजारी बसून हळू बोललेलं चालतं? आणि तुम्हाला कितव्या खेपेला फरक जाणवला?