मदत हवी आहे: युनायटेडवाल्यांनी अजून किती धीर धरायचा?

नमस्कार मंडळी. सोलापूरकर, मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा जुना फॅन. 2013 ला मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाले, तेव्हापासून प्रीमियर लीग जिंकलेलो नाही. मॉयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, अमोरिम... प्रत्येकाच्या वेळी तेच, नवी बांधणी चालू आहे, वेळ द्या. 2024-25 ला तर 42 गुण, पंधरावा नंबर! वर युरोपा लीगची फायनल टॉटनमकडून 1-0 ने घालवली.

माझं ठीक आहे हो, मी निर्ढावलोय. पण भाचा नववीत आहे, माझ्याच नादाने लाल जर्सी घालून पार्क चौकात हिंडायचा. वर्गातली पोरं रोज विचारतात, "का बे, काल परत हरला का?" आता म्हणतो, "मामा, मी मँचेस्टर सिटीत चाललो."

धीर धर म्हणून त्याला आर्सेनल क्लबचं सांगितलं. त्यांचा मॅनेजर आर्टेटा डिसेंबर 2019 ला आला, पहिले दोन सीझन आठवा नंबर, तरी मालकांनी काढलं नाही. पुढे सलग तीनदा दुसरा. तर म्हणे, "म्हणजे दुसराच ना?" मॅनेजर क्लॉपलाही लिव्हरपूलमध्ये लीगसाठी 2020 उजाडलं, हे तो ऐकूनच घेत नाही.

जाणकारांनी सांगा, बांधणी खरंच चाललीय की नुसता टाइमपास, हे गुणतक्ता सोडून कशावरून ओळखायचं? नव्या खेळाडूंचं वय बघायचं, अकादमीतल्या पोरांना मिळणारी मिनिटं, की मॅनेजर किती टिकतो ते? आणि सोलापुरात कोणी एकत्र मॅच बघत असेल तर कळवा. रात्री साडेबाराची असली तरी येतो, भाच्याला घेऊन.