मुलगा इंग्रजी वाचतो पण कळत काहीच नाही, घरी नेमकं काय करावं? सल्ला हवाय

चिमणपाखरू:
नमस्कार. मुलगा दुसरीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची आणि घरात आम्ही सगळे मराठीच बोलतो. पुस्तक घडाघडा वाचून दाखवायचा म्हणून मी निर्धास्त होते, पण परवा त्याच धड्यातले चार शब्द मी कोऱ्या कागदावर लिहून दिले तर एकही वाचता येईना! म्हणजे सगळं पाठ होतं, चित्र बघून म्हणत होता. टीचरना विचारलं तर त्या म्हणाल्या घरी फक्त इंग्रजीच बोला. आठवडाभर तसं केलं, तर जेवताना एरवी टकळी चालू असणारं पोर गप्पच बसायला लागलं आणि एक दिवस म्हणाला, "आई, तू माझ्याशी नीट बोल ना." तेव्हापासून जीव लागत नाहीये. आम्हा दोघांचं शिक्षण मराठीतून, आमचे उच्चार ऐकून तो चुकीचं शिकेल हीपण भीती आहे. ट्यूशन लावू की एखादं ॲप घेऊ?

कोरीपाटी:
ताई, आधी मराठी परत सुरू करा, आजच. मी बरीच वर्षं लहान मुलांना इंग्रजी शिकवतेय आणि 'घरी मराठी बंद' या सल्ल्याने भलं झालेलं मूल मी अजून पाहिलं नाही. मुलाला 'बाष्पीभवन' म्हणजे काय हे मराठीत कळलं असेल तर इंग्रजीत त्याला फक्त नवीन शब्द शिकायचा असतो, पण मुळात कल्पनाच कळली नसेल तर दोन्ही भाषांत कोरं राहतं. जिम कमिन्स या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी कॅनडात बाहेरून आलेल्या मुलांचा अभ्यास करून दाखवलंय की गप्पांपुरती भाषा साधारण 2 वर्षांत येते, पण धडा समजून स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहायची भाषा वयाच्या बरोबरीने यायला 5 ते 7 वर्षं लागतात. तुमचं लेकरू दुसरीत आहे हो. आणि नवीन भाषेत मुलं सुरुवातीला बरेच दिवस नुसती ऐकतात, बोलत नाहीत, तेव्हा आत काही चाललेलंच नाही असं समजू नका.

पायमोडका_म:
वाचनाचं मी सांगतो, कारण माझ्या लेकीचं अगदी हेच झालं होतं. मराठीत अक्षर दिसलं की आवाज जवळजवळ ठरलेला, इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज मात्र 44 च्या आसपास, त्यामुळे ए बी सी डी पाठ असणं आणि वाचता येणं यांचा फार संबंध नाही. अक्षराचं नाव नाही, आवाज शिकवा. आणि इथे आपण मराठी लोक एक चूक हमखास करतो, मीही सहा महिने केली: एस ए टी दाखवून 'स, ॲ, ट' म्हणतो, प्रत्येक व्यंजनात 'अ' मिसळलेला, मग मूल जोडून 'सॅट' म्हणणार कसं? अक्षराचा पाय मोडून म्हणायचं, 'स्… ॲ… ट्'. मी हे बदललं त्याच आठवड्यात तिने पहिला शब्द स्वतः जोडला. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून सुरुवात करा, यांतून सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन असे कितीतरी शब्द होतात. कागदाचे चौकोनी तुकडे करून जमिनीवर सरकवत खेळा. त्यानंतर शेवटचा ई, म्हणजे कॅपला ई लावला की केप, किटला लावला की काइट, यात मुलांना भारी मजा येते. सेड, वॉज, वन असले शब्द मात्र असे फोडून जमत नाहीत, ते नजरेनेच ओळखायचे. डॉल्च यांची नेहमी लागणाऱ्या 220 इंग्रजी शब्दांची यादी नेटवर मिळेल, त्यातले आठवड्याला पाचच घ्या, जास्त नको.

सांजवात:
ट्यूशनबद्दल माझा अनुभव सांगते, होमवर्क पूर्ण व्हायचा, वाचन तिथेच राहिलं. आम्हाला उपयोग झाला तो रोज रात्री पंधरा मिनिटं गोष्ट वाचण्याचा. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या साइटवर एकच गोष्ट मराठीतही मिळते आणि इंग्रजीतही, पैसे नाहीत, वर पातळ्या लावलेल्या आहेत. आधी मराठीत वाचायची, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत, म्हणजे अर्थ शोधत बसावं लागत नाही. उच्चाराची भीती वाटते तर ऑडिओ असलेल्या गोष्टी लावा आणि दोघं मिळून ऐका.

कोरीपाटी:
सांजवात +1. अजून एक, चूक मध्येच पकडू नका. मूल म्हणालं "आय गोएड देअर" तर "वेंट म्हण, वेंट" असं नको, आपण सहज म्हणायचं "यू वेंट देअर? मग?" आणि गोष्ट पुढे जाऊ द्यायची. आपल्या क्रियापदाची जागा शेवटी असते आणि ए, द हे प्रकार मराठीत नाहीतच, त्यामुळे त्या चुका बराच काळ होणार, त्यावरून मुलाला आळशी म्हणू नये एवढं कळकळीने सांगते.

चिमणपाखरू:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. जेवताना मराठी परत सुरू केली आणि टकळीपण सुरू झाली 🙂 चौकोन केले, पाय मोडून आवाज म्हणायला लागलो. काल मी भाजी चिरत होते तर हा जमिनीवर बसून टी, आय, एन जोडत होता, बोटाने एकेक सरकवत दोनदा पुटपुटला आणि एकदम ओरडला "टिन! आई हे टिन आहे, कोणी सांगितलं नाही मला!" चित्र कुठेच नव्हतं. आता एक विचारायचंय, बी आणि डी कायम उलटे लिहितो, त्यासाठी कोणी काय केलंय?