एसटीचा संप तुम्ही कुठून पाहिला?

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस पेटलेला एसटीचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. ऐन दिवाळीत आगारं बंद पडली आणि महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण ही एकच मागणी सगळ्यांच्या तोंडी झाली. मला मागणी रास्त वाटते, संप मात्र गरजेपेक्षा जास्त ताणला गेला. तुमचं मत वेगळं असेल तर अनुभवासकट लिहा.

वाहक, मराठवाडा
विलीनीकरण म्हणजे आमच्या लेखी पगाराची हमी. लॉकडाऊनमध्ये गाड्या उभ्या, तिकिटाचे पैसे नाहीत, म्हणून पगार लांबले. मुक्कामाची गाडी असली की आम्ही गाडीतच झोपतो. कॅशची बॅग उशाला, मच्छर अगरबत्ती पायाशी. पहाटे कुणाच्या तरी अंगणातल्या नळावर तोंड धुवायचं आणि पहिली फेरी काढायची. नोव्हेंबरात सरकारने मूळ वेतनात वाढ दिली: दहा वर्षांपर्यंतच्या सेवेला 5,000, वीसपर्यंत 4,000, त्यापुढे 2,500. वाढ चांगली होती, नाही म्हणत नाही. पण तोवर आमच्यातल्या किती जणांनी जीव दिला होता! त्यांच्या घरी बसून आलेल्या माणसाला ‘आता ड्युटीवर चल’ म्हणणं सोपं नव्हतं.

आई, पाटण तालुका
मुलगी आठवीत. अहिल्याबाई होळकर योजनेचा पास, त्यामुळे शाळेला जायला रुपया लागत नव्हता. संपात सरकारने खासगी गाड्यांना प्रवासी न्यायला परवानगी दिली, पण आमच्या वरच्या वाडीला कोण येणार? वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही. संध्याकाळी पोरगी फाट्यावर एकटी थांबलेली असायची, शेवटी मी शाळाच बंद केली तिची. काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाली, पण गणित मागे पडलं ते पडलंच. कंडक्टरदादांचं दुःख खरं आहे. आमचंही मोजा.

आगारातला लिपिक
घराचा हप्ता होता, मी लवकर रुजू झालो. जेवणाच्या सुट्टीत शेजारी कुणी बसेना. दोन्ही बाजूंची माणसं माझीच होती.

निवृत्त चालक
2017 च्या दिवाळीतला संप उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर चार दिवसांत मिटला, कारण तो मागे घ्यायला संघटना होत्या. यावेळी संघटनांनाच बाजूला सारलं. मग माघार कुणी घ्यायची? मुख्य सचिवांच्या समितीने विलीनीकरण नाकारलं आणि शेवटी उच्च न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत रुजू व्हायला सांगितलं. पोरांनी जे मागायला हवं होतं ते वेगळंच. तिकिटावर 17.5 टक्के प्रवासी कर जातो, तो कमी करा म्हणायचं. सवलतींचे पैसे शासनाने वेळेवर द्यावेत म्हणायचं. पुढे 75 वर्षांवरच्यांना मोफत आणि बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं, गाड्या भरल्या. पण त्या सवलतीचा पैसा महिन्याच्या महिन्याला आला तरच पगार तारखेला होईल, आणि हे मी अजूनही आगारात जाऊन पोरांना सांगतो.