मित्र असला तरी तक्रार द्याच

खोलीतल्या मित्राने कपाटातली रोकड तर नेलीच, वर तुमच्याच लॅपटॉपवरून मेल उघडून खात्यातले पैसेही वळवले, हे वाचून फार वाईट वाटलं. ‘मित्रच आहे, समजावून सांगा’ हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला मला अजिबात पटत नाही. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात आहेत तोवरच गोठवता येतात.

मग त्याने कधी न हाताळलेल्या फोनवरून पासवर्ड बदला. तेवढ्याने भागत नाही. गुगल खात्यात कोणकोणती डिव्हाइस जोडलेली आहेत, पासवर्ड परत मिळवण्यासाठीचा रिकव्हरी नंबर कुणाचा आहे, जीमेलमध्ये तुमचे मेल दुसऱ्या पत्त्यावर आपोआप पाठवणारं फॉरवर्डिंग किंवा बँकेचे मेल परस्पर ट्रॅशमध्ये टाकणारा फिल्टर लावलाय का, हे सगळं बघा. स्क्रीनशॉट काढून ठेवा, मगच त्याला लॉगआउट करा. व्हॉट्सअ‍ॅपला जोडलेली (लिंक्ड) डिव्हाइसही तशीच तपासा. लॅपटॉप एवढ्यात फॉरमॅट करू नका, पुरावा त्यातच आहे.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ६६सीखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रोकडचोरीची फिर्यादही पोलीस ठाण्यात द्या. त्याच्या घरच्यांचे विनवण्यांचे फोन येतील, तरी लेखी हमी आणि पैसे हातात आल्याशिवाय कशालाही होकार देऊ नका.