वणव्यानंतरची मांजरं: तुमचे अनुभव लिहा

७ जानेवारी २०२५ला लॉस एंजेलिसजवळच्या ईटन कॅन्यनमध्ये आग लागली आणि सांता आना नावाच्या जोरदार कोरड्या वाऱ्यांनी ती रातोरात शेजारच्या अल्टाडेनात पसरवली. नऊ हजारांहून जास्त इमारती गेल्या. माणसं गाड्या काढून निघाली, पण अंगणांत आणि डेकखाली राहणारी बेवारस मांजरं न्यायला कोणी नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या आपल्यापैकी ज्यांनी तेव्हा, किंवा २०१७-१८च्या आगींनंतर, या मांजरांसाठी काही केलं असेल त्यांनी इथे लिहावं. बारीकसारीक गोष्टीही लिहा, पुढच्या वेळी त्याच लागतात.

पासादिना
आमच्या मागच्या गल्लीतल्या मांजरांना मी रोज खाऊ घालायचे. सगळ्यांची नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलेलं. रस्त्यांवर नॅशनल गार्डचा पहारा होता, आत जायला मिळेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. घर उरलं नव्हतं. पावसाच्या पाण्याचं गटार मात्र शाबूत होतं. मी त्यांना मराठीतच हाका मारते. त्या दिवशीही "ये गं मने, ये" म्हणत वाकले, तर आतून घोगरं म्याव आलं. मांजर आपली जागा सहसा सोडत नाही, म्हणून घर राहिलं नसलं तरी शोध तिथूनच सुरू करा. पाणी आधी ठेवा, राखेत प्यायला काही नसतं.

चिको
८ नोव्हेंबर २०१८चा 'कॅम्प फायर' नावाचा वणवा. पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली. अशा वेळी मांजरं काय शोधता, असं आम्हाला काहींनी विचारलं. पण ज्यांचं सगळं गेलं तीच माणसं येऊन आधी मांजराची चौकशी करत होती. मांजरं रात्रीच बाहेर पडायची. पिंजऱ्यात मॅकरेल, समोर कॅमेरा, आणि दार पडलं की लगेच वर चादर, कारण अंधार झाला की ती धडका मारायची थांबतात. काही तर आगीनंतर कित्येक महिन्यांनी सापडली.

डेव्हिस
मी प्राण्यांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेत होते. चारही पंजे भाजलेले, मिशा आणि कानांच्या कडा करपलेल्या, अशी मांजरं यायची. वरच्या जखमा बघून अंदाज बांधू नका. इथल्या डॉक्टरांनी टब्स (२०१७चा वणवा) आणि कॅम्प फायरमधली भाजलेली मांजरं तपासली, तेव्हा अनेकांच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला आणि काहींमध्ये रक्ताच्या गुठळ्या आढळल्या. त्यामुळे चालतं-फिरतं मांजरही डॉक्टरांकडे न्याच. बर्फ लावू नका. आणि पॅरासिटामॉल अजिबात नको, मांजरासाठी ते विष आहे.

फ्रीमाँट
आमच्याकडे एक भाजलेला बोका बरा होईपर्यंत होता. पंजांच्या जखमांत वाळू अडकते, म्हणून ट्रेमध्ये कागदाचे कपटे घालायचो. उपाशी मांजराला एकदम पोटभर दिलं तर ते जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. थोडं थोडं, अनेकदा. गुरगुरणं कमी व्हायला फार वेळ लागला. आम्ही नुसते त्याच्या खोलीत बसून वाचायचो.

सांता रोसा
मांजराच्या कातडीखाली ओळखीची चिप असूनही मालकाशी संपर्क होत नाही, कारण नोंदीत जुना फोन नंबर असतो. तुमच्या मांजराची नोंद आजच तपासा.