ब्रशलेस ग्राइंडर जागेवर थरथरतो, डिस्क बोटाने सरकवली की पळतो. काय गेलं असेल?

सांगलीचा फॅब्रिकेटर:
नमस्कार मंडळी. माझं ग्रिल आणि शेडचं काम आहे. दीड वर्षापूर्वी चार इंची कॉर्डलेस ग्राइंडर घेतला, ब्रशलेस, बॅटरीवर ४८ लिहिलंय. साइटवर लाइट नसते तिथं याच्याशिवाय भागत नाही, शिडीवर चढून वेल्डिंग घासायचं तर वायर ओढत नेणं जिवावर येतं. पण पंधरा दिवसांपासून असं होतंय की स्विच दिला की कधी लगेच पळतो आणि कधी नुसता जागेवर थरथरतो, टर्रर्र असा आवाज येतो, दोनेक सेकंदांनी लाइट लुकलुकते आणि बंद. मग डिस्क बोटाने जराशी पुढं सरकवली आणि परत स्विच दिला की पळतो. एकदा पळाला की स्पीड जवळपास पहिल्यासारखाच, फक्त पाइप कापताना जोर दिला की आवाज खरखरीत येतो आणि पूर्वीपेक्षा लवकर गरम होतो. दोन बॅटऱ्या आहेत, दोन्हीवर तेच.

रिपेअरवाला म्हणतो मोटर आणि कार्ड (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) दोन्ही बदला, २२०० होतील. वायरवाल्या ग्राइंडरचे कार्बन मी स्वतः बदलतो, आर्मेचरपण बदललंय, पण यात कार्बनच नाहीत तर मग खराब काय होतं तेच कळेना. उघडून बघितलं, मोटरकडं तीन जाड वायरी जातात आणि शिवाय पाच बारीक वायरींचं एक सॉकेट आहे. कुणाला माहिती असेल तर सांगा, दिवाळीच्या आधी कामं भरपूर आहेत.

नाशिक, बॅटरी पॅकवाला:
भाऊ, ४८ वर जाऊ नका. पॅक उघडलात तर बहुतेक ५ सेल सिरीजमध्ये दिसतील (किंवा ५-५ च्या दोन-तीन रांगा पॅरललमध्ये). ५ गुणिले ३.६ म्हणजे १८ व्होल्ट, फुल चार्जला ५ गुणिले ४.२ म्हणजे २१. तो ४८ चा आकडा नुसता स्टिकरवर असतो. आता तुमच्या त्रासाबद्दल, माझ्याकडे असे पॅक येतात ज्यात एक सेल कमजोर असतो, मोटर सुटताना एकदम करंट ओढते, पॅकचं व्होल्टेज खाली बसतं, कार्ड रिसेट होतं, परत उठतं, परत बसतं आणि त्यामुळे थरथर होते. तेव्हा आधी स्विच देताना पॅकवर मीटर लावून बघा, २० वरून एकदम १३-१४ वर आलं तर पॅकच दोषी.

चाकण, मोटर कंट्रोलर टेस्टिंग:
दादा, सगळ्यात आधी एक सांगते, बॅटरी लावलेली असताना डिस्कला बोट लावू नका. कृपा करून नका लावू. तुमच्या या फॉल्टमध्ये मोटर कधी सुटेल याचा भरवसा नाही, आणि सुटली तर डिस्क क्षणात हजारो फेऱ्यांवर जाते. तपासायचं ते सगळं बॅटरी काढून आणि डिस्क उतरवून.

बॅटरीवाल्या दादांचं म्हणणं चूक नाही, पण इथे ते बसत नाही. व्होल्टेज बसत असेल तर डिस्क कुठेही असली तरी त्रास व्हायला पाहिजे. ह्यांच्याकडे ठरावीक जागी डिस्क थांबली तरच अडकतो, थोडी सरकवली की सुटतो, आणि दोन्ही बॅटऱ्यांवर सारखंच. म्हणजे कार्डला रोटर (मोटरचा फिरणारा भाग) कुठे आहे हे नीट कळत नाहीये.

कार्बनवाल्या मोटरमध्ये कोणत्या कॉइलला कधी करंट द्यायचा हे काम कार्बन आणि कम्युटेटर (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्या) मिळून करतात, आर्मेचर फिरलं की आपोआप पुढची पट्टी कार्बनखाली येते. ब्रशलेसमध्ये उलटं आहे, मॅग्नेट फिरतं आणि कॉइल जागेवर असतात, म्हणून ती पट्टी बदलण्याचं काम कार्डवरच्या सहा मॉस्फेटना (इलेक्ट्रॉनिक स्विचना) करावं लागतं, तीन जाड वायरींपैकी एका वेळी एकीतून करंट आत, दुसरीतून बाहेर आणि तिसरी मोकळी. असे सहा प्रकार होतात आणि ते क्रमाने द्यायचे असतात. कधी कोणता द्यायचा हे सांगायला मोटरच्या मागच्या बाजूला तीन हॉल सेन्सर (मॅग्नेट ओळखणारे) असतात. त्या पाच बारीक वायरी त्याच, एक प्लस, एक मायनस आणि तीन सिग्नल. प्रत्येक सिग्नल एक तर ० नाही तर १. तिघांचे मिळून सहा खरे जोड येतात: १०१, १००, ११०, ०१०, ०११, ००१. ००० आणि १११ हे चांगल्या मोटरमध्ये कधीच येत नाहीत, ते आले की कार्ड फॉल्ट समजतं आणि आउटपुट बंद करतं.

आता समजा तिसऱ्या सेन्सरची वायर तुटली. बहुतेक कार्डांवर सिग्नल रेझिस्टरने वर म्हणजे प्लसकडे ओढलेला असतो त्यामुळे तुटलेली वायर कायम १ दिसते. मग १०१, ०११ आणि ००१ या तीन जागी सगळं बरोबर. १०० च्या जागी कार्डला १०१ दिसतं आणि ०१० च्या जागी ०११, म्हणजे ते शेजारच्या जागेचा करंट देतं आणि जोर कमी पडतो. आणि ११० च्या जागी दिसतं १११, तिथे काहीच नाही. पळत असताना रोटर स्वतःच्या वेगाने ह्या जागा पार करतो म्हणून तुम्हाला स्पीड ठीक वाटतो, पण जोर खंडित मिळतो म्हणून खरखर आणि उष्णता. थांबलेला असताना मात्र नशिबावर. तुम्ही सांगितलेलं सगळं याच्यात बसतं, त्यामुळे २२०० घालायच्या आधी ते पाच वायरींचं सॉकेट तपासा.

अजून एक, बॅटरी आणि डिस्क काढल्यावर शाफ्ट हाताने सहज फिरतो ना? मॉस्फेट शॉर्ट झाला असता तर मोटरच्या दोन वायरी आतून जोडल्यासारख्या झाल्या असत्या आणि बॅटरी नसतानाही फिरवताना मोटर अडखळत जड लागली असती. सहज फिरत असेल तर कार्ड बरंच शाबूत असावं.

पुणे, टूल रिपेअर:
ताईंनी बरोबर पकडलंय. माझ्याकडे फॅब्रिकेशनवाल्यांचे ग्राइंडर येतात त्यात हाच रोग जास्त, सुतारकामाच्या ड्रिलमध्ये इतका नाही. कारण लोखंडाचा बुरा. रोटर म्हणजे जबरदस्त मॅग्नेट, फॅन हवा आत ओढतो, बुरा जाऊन मॅग्नेटला आणि सेन्सरच्या छोट्या पीसीबीवर (सर्किटच्या पट्टीवर) बसतो, घासून घासून वायरीचं कव्हर जातं नाहीतर सेन्सरचे पाय आपसात शॉर्ट होतात. कार्डवर वरून जेल ओतलेलं असतं म्हणून ते वाचतं, सेन्सरच्या पीसीबीवर बऱ्याचदा काही नसतं.

चेक असं करा. सॉकेट कार्डपासून काढा. मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट सेन्सरच्या प्लस-मायनसला द्या (लाल-काळ्या रंगावर विश्वास ठेवू नका, पीसीबीवर ट्रेस बघून घ्या, उलटं दिलं तर तिन्ही जातील), प्रत्येक सिग्नल आणि प्लस यांच्यामध्ये १० के चा रेझिस्टर लावा आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवत मीटर बघा. प्रत्येक सिग्नल ० आणि ५ असा बदलला पाहिजे. जो बदलत नाही तो गेला किंवा त्याची वायर गेली.

सेन्सर बदलायचा झाला तर लॅच टाइपच (मॅग्नेटचा एक पोल आला की चालू, उलटा पोल आला की बंद होणारा) घ्या, ई-बाईकच्या हब मोटरमध्ये ४१एफ म्हणून मिळतो तो लॅचच आहे, पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळून जाईल, पण पायांचा क्रम आणि साइज जुन्याशी जुळते का बघा. आणि जुन्याचं छापील तोंड ज्या बाजूला होतं त्याच बाजूला नव्याचं, उलटा बसवला तर सिग्नल उलटा येतो आणि परत ०००, १११ सुरू.

सांगलीचा फॅब्रिकेटर:
सगळ्यांचे मनापासून आभार. बोटाचं ताई म्हणाल्या ते लक्षात ठेवलंय, आमच्या पोरांनापण सांगितलं, ते माझं बघून तसंच करत होते. रविवारी बसलो. रोटर बाहेर काढला तर काळ्या बुऱ्याची दाढीच आली होती, टेपला चिकटवून चिकटवून काढला, ब्रशने निघतच नव्हता. पुणेवाल्या भाऊंनी सांगितलं तसं तपासलं, दोन सिग्नल बदलतात आणि तिसरा कायम ५ वर. भिंगातून बघितलं तर वायर पीसीबीपाशीच तुटलेली, कव्हरच्या आत, वरून अजिबात दिसत नव्हती. दोन सेंटीमीटर नवीन वायर जोडली, सेन्सर चांगलाच आहे, आता तिन्ही बदलतात. अजून जोडून चालवला नाही. सॉकेट काढताना बाकीच्या दोन वायरीपण सोल्डरच्या डागापासून सुटल्या होत्या, त्या लावल्यात पण कोणती कुठं होती त्याची थोडी शंका आहे. चुकलं तर काय होईल?

चाकण, मोटर कंट्रोलर टेस्टिंग:
वा दादा, छान केलंत! आता डिस्क लावू नका, फ्लँज (डिस्क धरणारी चकती) आणि नटसुद्धा काढून ठेवा. दोन सिग्नल अदलाबदल झाले असतील तर मोटर थरथरेल आणि खूप करंट ओढेल, म्हणून स्विच अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त देऊ नका, जमलं तर बॅटरीऐवजी करंट लिमिटवाल्या सप्लायवर २ अँपिअरला बघा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिशा. काही चुकीच्या क्रमांनी मोटर पळते पण उलटी, आणि उलट फिरणाऱ्या ग्राइंडरवर डिस्कचा नट सैल होत जातो. गिअर हेडवर बाणाची खूण असते, शाफ्टवर मार्करने ठिपका देऊन बाणाप्रमाणेच सुटतोय हे दोन-चारदा बघा आणि मगच डिस्क चढवा.

सांगलीचा फॅब्रिकेटर:
दोन वायरी खरंच उलट लागल्या होत्या, थरथरला, लगेच सोडला. अदलाबदल केल्यावर बाणाच्या दिशेने एका झटक्यात सुटतोय, वीस वेळा बंद-चालू केला, एकदाही अडकला नाही. वायरीच्या जोडावर कोणतं सिलिकॉन लावू? बाथरूमचं आहे घरात.

पुणे, टूल रिपेअर:
ते नको, व्हिनेगरसारखा वास येतो त्यातलं ॲसिड तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या, आणि रोटरला कुठे लागणार नाही एवढंच पातळ लावा.